मॉडेल रेल्वेचा आराखडा कुठल्या सॉफ्टवेअरात काढावा : एनीरेल, एक्सट्रॅककॅड, स्कार्म आणि बाकीचे

पेन्सिलीने कागदावर काढलेलं यार्ड (डबे उभे करायच्या समांतर मार्गांचा समूह) नेहमी बसतं, घोळ होतो तो प्लायवुडवर रूळ मांडायला घेतले की. हाताने पॉइंट (एका मार्गातून दुसरा फुटतो तो सांधा) काढताना फाटा नकळत तीस-चाळीस अंशांत जातो. दुकानातल्या सहा नंबरच्या पॉइंटचा फाटा असतो जेमतेम साडेनऊ अंशांचा. सहा नंबर म्हणजे सहा सेंमी पुढे गेल्यावर एक सेंमी बाजूला. एचओमध्ये (खऱ्याच्या १/८७ मापात) शेजारच्या दोन मार्गांत मध्यापासून मध्यापर्यंत ५० मिमी अंतर धरलं, तर प्रत्येक फाट्यामागे ३०० मिमी लांबी खर्ची पडते. पाच मार्गांचं यार्ड काढायचं तर अशी चार अंतरं, म्हणजे १२० सेंमी नुसत्या पॉइंटच्या माळेत गेले. बोर्ड २४० सेंमीचा असेल तर निम्मा संपला आणि डबे उभे करायचे रूळ अजून सुरूही झालेले नाहीत.

सॉफ्टवेअर हवं ते हे आधी कळावं म्हणून. त्यातला पॉइंट खऱ्या पॉइंटच्याच मापाचा असतो, ओढून-ताणून बसत नाही. बाकी झाडं, घरं, त्रिमितीत फिरणारा कॅमेरा हे सगळं छान आहे, पण निवड त्यावरून करू नये. बरेच जण नेमकं तेच करतात आणि महिनाभराने दुसरं सॉफ्टवेअर शोधू लागतात. तोवर पहिल्यातला आराखडा त्याच्याच फाइलच्या साच्यात अडकलेला असतो. या सॉफ्टवेअरांच्या फाइली एकमेकांत सहसा उघडत नाहीत. चित्र म्हणून किंवा डीएक्सएफ (रेखाटनांच्या फाइलींचा एक साचा) म्हणून बाहेर काढता येतं, पण त्यात नुसत्या रेषा उरतात. हा पॉइंट, ही इतक्या त्रिज्येची वक्र पट्टी, ही ओळख पुसली जाते. म्हणून निवड थोडी विचार करून केलेली बरी.

आधी रूळ ठरवा

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो रुळांचा. ठरावीक मापाचे तुकडे जोडणार (सेट ट्रॅक), हवा तसा वाकणारा फ्लेक्स ट्रॅक टाकणार, की पॉइंटसकट रूळ हाताने बांधणार? तिन्हींसाठी चांगलं सॉफ्टवेअर वेगळं आहे.

सेट ट्रॅकवाल्यांना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे लायब्ररी, म्हणजे कंपनीच्या प्रत्येक तुकड्याचं अचूक माप सॉफ्टवेअरात असणं. काटोच्या एन स्केल (एचओहून लहान माप) युनिट्रॅकचा सरळ तुकडा २४८ मिमीचा आणि दुहेरी मार्गातलं अंतर ३३ मिमी. मेर्क्लिनच्या सी ट्रॅकचा सरळ तुकडा १८८.३ मिमीचा, आर १ वळणाची त्रिज्या ३६० मिमी आणि आर २ ची ४३७.५. ही मापं एकमेकांशी हिशेबाने बांधलेली असतात, म्हणूनच अंडाकृती मार्ग बरोबर मिटतो. लायब्ररीत एखादा तुकडा अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी पंधरा तुकड्यांनंतर टोकं जुळत नाहीत, आणि आपण समजतो की आराखडाच चुकला.

पेको वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपावं, कारण एकाच कंपनीच्या तीन वेगळ्या भूमिती आहेत. सेट ट्रॅकमध्ये दुहेरी मार्गातलं अंतर ६७ मिमी. त्रिज्याही त्याच हिशेबाने वाढतात : ३७१, ४३८, ५०५. स्ट्रीमलाइनच्या कोड १०० आणि कोड ७५ मध्ये (कोड म्हणजे रुळाची उंची) हे अंतर ५०.८ मिमी होतं, आणि लहान, मध्यम, मोठा असे तिन्ही नेहमीचे पॉइंट फ्रॉगला (पॉइंटमध्ये दोन रूळ छेदतात तिथे) १२ अंशांचेच असतात. म्हणून लहान काढून तिथे मोठा टाकला तर लांबी बदलते, पण फाट्याचा कोन तोच राहतो. कोड ८३ मात्र अमेरिकी पद्धतीचा, पाच, सहा, आठ नंबरांचा. तिथे प्रत्येकाचा कोन निराळा. सॉफ्टवेअरच्या यादीत ही नावं एकाखाली एक असतात. घाईत कोड ७५ ऐवजी कोड ८३ वर क्लिक झालं, तर पडद्यावर सगळं सुरळीत दिसतं आणि बोर्डावर यार्डच्या दुसऱ्या-तिसऱ्या मार्गापासून रूळ तिरके पळू लागतात. त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर उघडल्यावर पहिलं काम हे : तुमच्याकडे खरोखर असलेला एक पॉइंट घ्या, पट्टीने लांबी मोजा, आणि पडद्यावरच्या त्याच पॉइंटची लांबी सॉफ्टवेअरच्या मोजपट्टीने ताडून बघा. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल, दोन मिलिमीटर नाही.

एनीरेल

विंडोज असेल आणि डोक्याला ताप नको असेल, तर एनीरेलपासून सुरुवात करावी. नेदरलँड्समधल्या डीरेल सॉफ्टवेअरचं हे काम. बिनपैशाच्या आवृत्तीत ५० तुकड्यांपर्यंत आराखडा काढता येतो, मुदतीचं बंधन नाही. एन स्केलमधला छोटा शेल्फ लेआउट (अरुंद फळीवरची मांडणी) ५० तुकड्यांत सहज होतो. मोठ्याला परवाना घ्यावा लागतो.

याची खरी ताकद हाताळणीत आहे. तुकडा निवडला की आधीच्या रुळाच्या मोकळ्या टोकाला तो आपसूक चिकटतो, पुढचं टोक तयार, पुन्हा पुढचा तुकडा. जोडलेले तुकडे एकत्र हलतात. फ्लेक्स ट्रॅकसाठी दोन टोकं धरून ओढायचं, मधला वक्र तोच काढतो. किमान त्रिज्या आधी सांगून ठेवली तर फ्लेक्स त्यापेक्षा घट्ट वळला की लगेच दाखवतो. ही एक सोय इतकी मोलाची आहे की बाकी काही नसतं तरी चाललं असतं. फ्लेक्स ट्रॅकचं दुखणं नेमकं हेच : तो कितीही घट्ट वळतो, तक्रार करत नाही. तक्रार नंतर डबे करतात, रुळावरून उतरून.

किमान त्रिज्या किती सांगायची? ढोबळ नियम असा की सगळ्यात लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या असेल तर डबा डौलात वळतो, अडीचपट असेल तर बिनधोक जातो, आणि दुपटीच्या आसपास कुरबुरी सुरू होतात. पंच्याऐंशी फुटी प्रवासी डबा एचओमध्ये साधारण २९८ मिमी भरतो. तिप्पट म्हणजे जवळजवळ ९० सेंमी. आता १२० सेंमी रुंदीच्या बोर्डावर, दोन्ही कडांना पाच-पाच सेंमी सोडून, जास्तीत जास्त त्रिज्या येते ५५ सेंमी. दुपटीलाही पुरी पडत नाही. याचा अर्थ त्या बोर्डावर लांब प्रवासी गाडीचा नाद सोडावा आणि छोटे मालडबे चालवावेत, किंवा बोर्डाचा आकार बदलावा. एनीरेलमध्ये किमान त्रिज्या ६० सेंमी टाकून या बोर्डावर वळण काढायला जा, पाच मिनिटांत पटेल.

उणिवा आहेत. मॅकवर थेट चालत नाही. उंची टोकांना देता येते, चढाची टक्केवारीही दिसते, त्रिमितीतही बघता येतं, पण डोंगर-दऱ्यांचं काम इथे मुख्य नाही. आणखी एक सावधगिरी : दोन टोकं पडद्यावर चिकटलेली दिसतात, पण जोडलेली नसतात. दूरून बघताना फट दिसत नाही. शंका आली की एक बाजू धरून थोडी ओढा. सगळं सोबत हललं तर जोड पक्का. किंवा आराखडा पुरा झाल्यावर मोकळ्या टोकांच्या खुणा मोजा. प्रत्येक साइडिंगच्या (डबे उभे करायच्या बंद टोकाच्या मार्गाच्या) शेवटी एक, त्यापलीकडे एकही नको.

एक्सट्रॅककॅड

हे फुकट आहे, मुक्त आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पूर्वी विकत मिळायचं, पुढे जीपीएल परवान्याखाली खुलं झालं. तुकड्यांच्या संख्येवर मर्यादा नाही. एवढं वाचून सगळे इकडेच धावतील असं वाटेल, पण पहिल्या तासाभरात निम्मे परत फिरतात. कारण हे सॉफ्टवेअर स्वभावाने कॅड, म्हणजे अभियंत्यांच्या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरसारखं, आहे. आधी आज्ञा निवडायची, मग कुठे क्लिक करायचं ते खालच्या पट्टीत लिहून येतं. ती पट्टी न वाचता माउस फिरवणाऱ्याला ते मख्ख वाटतं. वाचणाऱ्याशी ते बोलतं.

सुरुवात अशी करावी. पहिल्यांदा स्केल आणि खोलीचं माप टाकायचं. मग पॅरामीटर फाइल्स उघडून फक्त आपल्या कंपनीच्या आणि आपल्या स्केलच्या फाइली चढवायच्या. सगळ्या चढवल्या तर खालची तुकड्यांची पट्टी मारुतीच्या शेपटासारखी लांबत जाते आणि हवा तो पॉइंट सापडत नाही. त्यानंतर लेआउटच्या सेटिंगमध्ये किमान त्रिज्या आणि कमाल चढ हे दोन आकडे भरायचे. हे दोन आकडे मोडणारा प्रत्येक रूळ पुढे वेगळ्या रंगात दिसतो. हे केल्याशिवाय एकही रूळ टाकू नये.

आता याची खासियत : ईझमेंट. सरळ रूळ एकदम ६० सेंमी त्रिज्येच्या वळणात शिरला की डब्याला धक्का बसतो, दिसायलाही खेळण्यासारखं दिसतं. खऱ्या रेल्वेत सरळ आणि वळण यांच्यामध्ये हळूहळू घट्ट होत जाणारा तुकडा असतो. एक्सट्रॅककॅडमध्ये ईझमेंट कमी, मध्यम की ऐसपैस ते सांगितलं की दोन रूळ जोडताना तो तुकडा आपोआप बसतो. पुढच्या आवृत्त्यांत कॉर्नू नावाचे वक्रही आले. त्यात दोन टोकं दिली की त्यांच्यामधली सगळ्यात मऊ वाट तोच शोधतो. फ्लेक्स ट्रॅकने मोठा लेआउट करणाऱ्याने यासाठी तरी हे शिकावं. मात्र ईझमेंट जागा खातं. वळण आतल्या बाजूला थोडं सरकतं, त्यामुळे कडेला लागून काढलेलं वळण ईझमेंट चालू केल्यावर बसेलच असं नाही. ईझमेंट आधी चालू करून मग काढा, नंतर घुसवायला गेलात तर निम्मा आराखडा उकलावा लागेल.

उंचीचं कामही इथे नीट आहे. मोजक्या टोकांना उंची ठरवून द्यायची, मधल्यांची उंची आणि चढ सॉफ्टवेअर काढतं. प्रोफाइलची खिडकी उघडली की मार्गाचा उभा छेद दिसतो आणि चढ कुठे तीव्र होतोय ते एका नजरेत कळतं. त्रिमितीय दृश्य नाही. ज्याला ते हवंच असेल त्याने पुढे जावं. रुळांवर गाडी चालवून बघायची सोय आहे. शंटिंगसाठी (डबे पुढेमागे हलवण्यासाठी) ठेवलेली जागा पुरते का, इंजिन आणि चार डबे पॉइंटच्या पलीकडे मावतात का, हे त्यात बघून घ्यावं.

कंपनीच्या लायब्ररीत नसलेला पॉइंट स्वतः तयार करायचं साधनही आत आहे. फ्रॉगचा कोन, एकूण लांबी आणि फाट्याचं बाजूला सरकणं मोजून भरायचं. बंद पडलेल्या जुन्या कंपन्यांचे रूळ ज्यांच्याकडे पेटीभर पडलेत, त्यांच्यासाठी एवढ्या एका गोष्टीसाठी बाकीचा त्रास सोसण्यासारखा आहे.

टोकं जोडताना एक लक्षात ठेवा. किती अंतरापर्यंतची फट आणि किती अंशांपर्यंतची वाकडी टोकं जोडायची, हे पसंतीच्या पानावर ठरवता येतं. टोकं जुळत नाहीत म्हणून हे आकडे वाढवत नेणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर मोडणं. पडद्यावर जोड मिटेल, रुळांत खटका तसाच राहील आणि चाक नेमकं तिथेच उडी मारेल. जोडाच्या अलीकडचा एखादा सेट तुकडा काढून तिथे फ्लेक्सचा तुकडा टाकावा, हा खरा उपाय.

स्कार्म, आणि चढाचा हिशेब

स्कार्म हे बल्गेरियाच्या मिलेन पीव्ह यांचं. विंडोजवर चालतं, बिनपरवान्याच्या आवृत्तीत १०० तुकड्यांची मर्यादा आहे. एनीरेलच्या दुप्पट, त्यामुळे मध्यम आकाराचा लेआउटही पुष्कळदा फुकटात होतो. हाताळणी सोपी, पण एनीरेलइतकी सफाई नाही. त्याचं नाव होतं ते त्रिमितीसाठी. उंची दिली की पूल, खांब, बोगदे दृश्यात उभे राहतात, जमिनीचे उंचवटेही काढता येतात. घरच्यांना दाखवायला तर उत्तमच, पण त्याचा खरा उपयोग दुमजली मार्ग तपासायला होतो. वरच्या पुलाचा खांब खालच्या रुळाच्या बरोबर मध्ये येतोय, हे सपाट आराखड्यात कळत नाही, इथे कळतं.

चढाच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हातानेच एक गणित करावं. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा न्यायचा तर खालच्या गाडीला साधारण साडेसात सेंमी मोकळी उंची लागते, त्यात पुलाची जाडी दीड सेंमी धरा. झाले नऊ. दोन टक्के चढ म्हणजे १०० सेंमीला दोन सेंमी. नऊ सेंमी चढायला साडेचार मीटर लागले. तीन टक्क्यांनी तीन मीटर. मघाच्याच बोर्डावर, २४० बाय १२० वर, ५५ सेंमी त्रिज्येचा अंडाकृती मार्ग काढला तर त्याची एकूण लांबी येते ५८६ सेंमी. दोन वळणांचे ३४६ आणि दोन सरळ बाजूंचे २४०. त्या एका फेरीत वर चढायचं आणि पुन्हा खाली यायचं तर तीन टक्क्यांनीही सहा मीटर हवेत. बसत नाही! शिवाय सपाटातून चढाला एकदम सुरुवात करता येत नाही. चढाच्या तळाशी आणि माथ्याशी रूळ हलके हलके वाकवत न्यावा लागतो, नाहीतर इंजिनाची पुढची चाकं हवेत राहतात किंवा कपलिंग सुटतं. त्यात आणखी लांबी जाते. पॉइंट चढाच्या अशा वाकत्या भागात कधी येऊ देऊ नये.

सुटकेची वाट एकच बरी : एक मार्ग चढवताना दुसरा उतरवायचा. प्रत्येकाला साडेचार सेंमीच कापायचे, म्हणजे दोन टक्क्यांनी सव्वादोन मीटर. स्कार्ममध्ये शून्य ही उंची बोर्डाच्या पृष्ठभागाला न देता खालच्या मार्गाच्या तळाला द्या, सगळे आकडे धन राहतील आणि गोंधळ होणार नाही.

घिरट्या घेत चढणारा हेलिक्स करायचा असेल तर हिशेब त्याहून सोपा. त्रिज्या ६० सेंमी, परीघ ३७७ सेंमी. एका फेऱ्यात १० सेंमी चढवले तर चढ पडतो २.६५ टक्के. पण वळणात चाकांचं घर्षण वाढतं, म्हणून इंजिनाला तो चढ सरळ रुळावरच्या तेवढ्याच चढापेक्षा जड जातो. सॉफ्टवेअर २.६५ लिहील आणि गप्प बसेल. त्याच्या डोक्यात तुमचं इंजिन नाही.

बाकीचे, थोडक्यात

अ‍ॅटलसचेच रूळ टाकणार असाल तर त्या कंपनीचं स्वतःचं ट्रॅक प्लॅनिंग सॉफ्टवेअर बघा. ते स्कार्मवरच बेतलेलं आहे, फुकट आहे, फक्त त्यात अ‍ॅटलसखेरीज दुसरे रूळ नाहीत. नवशिक्याला ही मर्यादा खरं तर पथ्यावरच पडते.

विनट्रॅक हे जर्मन, विंडोजवरचं, पैसे देऊन घ्यायचं. मेर्क्लिन आणि इतर युरोपीय रूळ वापरणाऱ्यांत ते मुरलेलं आहे, त्रिमिती चांगली आहे. अमेरिकी किंवा ब्रिटिश पद्धतीचा लेआउट करणाऱ्याने त्यासाठी वेगळा खर्च करायचं कारण दिसत नाही.

मॅकवाल्यांसाठी रेलमॉडेलर प्रो आहे, आणि चव घेऊन बघायला त्याचीच मर्यादित फुकट आवृत्ती. ते मॅकचंच असल्यासारखं वागतं, हे त्याचं मोठं सुख. मॅकवर एनीरेल किंवा स्कार्मच हवं असा हट्ट असेल तर विंडोज आत बसवून चालवावं लागेल. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकांत बूट कॅम्पची वाट बंद झाली आहे, आभासी यंत्रावरच भागवावं लागतं. एवढ्या खटाटोपापेक्षा एक्सट्रॅककॅड शिकणं स्वस्त पडेल.

टेम्प्लॉटची जात वेगळी. हाताने पॉइंट बांधणाऱ्यांसाठी ते आहे. त्यात तयार तुकड्यांची लायब्ररी नसते. स्लीपर कुठे, फ्रॉगचं टोक कुठे, चेक रेल (फ्रॉगसमोर चाकाला आवरणारा आतला रूळ) किती लांब, हे सगळं खऱ्या मापात कागदावर छापून मिळतं आणि त्या कागदावरच रूळ बांधायचे. वळणातला पॉइंट, दोन्हीकडे वाकणारा पॉइंट, एकमेकांत शिरलेले पॉइंट, हे जितकं सहज इथे होतं तितकं दुसरीकडे नाही. फुकट मिळतं. सेट ट्रॅकवाल्याने मात्र याच्या वाटेला जाऊ नये.

संगणक कसला लागतो, हा प्रश्न हटकून येतो. सपाट आराखड्याला साधाच पुरतो. पैसे टाकायचेच असतील तर ते मोठ्या पडद्यावर टाका, आणि चाकवाला माउस घ्या. लॅपटॉपच्या टचपॅडवर वळण जोडत बसणं ही शिक्षा आहे.

सॉफ्टवेअरच्या नजरेतून सुटणारं

दोन रुळांच्या पद्धतीत, म्हणजे विजेचं एकेक टोक एकेका रुळाला जोडलेलं असताना, गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट्या तोंडाने परत आली, की डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट होतो. आराखड्यात हा वळसा निरागस दिसतो. तपासायची पद्धत जुनीच : आराखडा छापा, डाव्या रुळावर लाल आणि उजव्यावर निळी पेन्सिल फिरवत जा. कुठेही लाल निळ्याला मिळाला तर तिथे दोन्ही रूळ कापून वेगळा विभाग करावा लागणार. त्या विभागाची लांबी तुमच्या सगळ्यात लांब गाडीहून जास्त हवी. ती लांबी सॉफ्टवेअरातच मोजून घ्या, कारण रूळ ठोकल्यावर वाढवता येत नाही.

पॉइंटची मोटर बोर्डाखाली बसते. बोर्डाखालच्या आडव्या पट्ट्या वेगळ्या लेयरमध्ये काढा आणि बघा की पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांखाली पट्टी येत नाहीये ना. पट्टी चार सेंमी सरकवायला आत्ता एक सेकंद लागतो.

हात किती पोचतो हेही लेयर करूनच बघावं. कडेपासून ६० सेंमीवर एक रेघ ओढा. तिच्यापलीकडे पॉइंट नको. गाडी घसरते ती बहुतेक पॉइंटवर, आणि तिथे हात पोचला नाही की पुढचे डोंगर मोडतात.

एस आकाराची वळणं आणखी एक. डावं वळण संपता संपता उजवं सुरू झालं की लांब डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना फेकली जातात आणि कपलिंग डब्याला रुळावरून ओढतं. मध्ये सगळ्यात लांब डब्याएवढा सरळ तुकडा हवा. हे एस बहुतेकदा वळणांत सापडत नाहीत, दोन पॉइंट पाठीला पाठ लावून टाकलेल्या जागी लपलेले असतात.

छपाई आणि खरेदीची यादी

यादी छापण्याआधी फ्लेक्सचा हिशेब स्वतः करा. पेकोचा फ्लेक्स ९१४ मिमीचा येतो. समजा यादीत एकूण ११ मीटर दिसतात, तर भागाकाराने १२.०४ येतात, म्हणजे तेरा. पण वळणात आतला रूळ बाहेर सरकतो, तो कापावा लागतो, आणि साइडिंगच्या शेवटी उरलेले तुकडे सगळेच कामाला येत नाहीत. पंधरा घ्यावेत. जोडपट्ट्यांचं पाकीट एक जास्तच आणावं.

खऱ्या मापात छापून तो कागद बोर्डावर चिकटवून त्यावर रूळ टाकणं, ही सगळ्यात भरवशाची रीत. २४० बाय १२० सेंमीच्या बोर्डाला ए४ कागद किती लागतील? चारही बाजूंना एक सेंमी समास धरला तर छापायची जागा उरते १९० बाय २७७ मिमी. लांबीला नऊ, रुंदीला सात, असे ६३ कागद. सगळे छापू नयेत. पॉइंट आणि वळणांची सुरुवात-शेवट एवढेच छापा, सरळ भाग दोरी ताणून आखता येतो. एक्सट्रॅककॅडमध्ये छपाईच्या वेळी पानांची जाळी दिसते, हवी ती पानं क्लिक करून निवडायची. पीडीएफ करून छापत असाल तर प्रिंटरच्या खिडकीत 'पानात बसवा' ही खूण काढून माप १०० टक्के ठेवा. ती खूण बहुतेक ठिकाणी आपोआप लागलेली असते आणि पान तीन-चार टक्क्यांनी आक्रसून येतं. एका पानावर कळत नाही, नऊ पानांत सात-दहा सेंमीचा फरक पडतो. आराखड्यात कुठेतरी बरोबर १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ काढून ठेवा. पहिलं पान निघालं की दोन्ही पट्टीने मोजा. काही प्रिंटर कागद ओढण्याच्या दिशेने थोडं ताणतात, म्हणून दोन्ही मोजायच्या. बरोबर आल्या तरच पुढची पानं सोडा.